कच्चा दुवा

बाणेरला, सातव्या मजल्यावर, गुरुवारी,
म्हणजे पाणी बंद असण्याच्या दिवशी,
मी एक विहीर उघडते.
मेहसाण्याच्या पलीकडची, तेलाची, सतरा नंबरची.
एकतीसशे मीटर. पडद्यावर जेमतेम एक वीत.

आधी सरळ जाते, भल्या माणसासारखी.
चौदाशेवर तिच्या मनात काही येतं
आणि ती ईशान्येला वळते.
तिथे केबल भिंतीला टेकणार, घासणार,
एवढं सॉफ्टवेअरला ठाऊक आहे.
किती घासणार, ते मात्र मलाच विचारतं:
एक रिकामी चौकट,
आत लुकलुकणारी उभी रेघ.

मी शून्य पूर्णांक बावीस लिहिते.
सगळे तेच लिहितात.

दोन रेषा उमटतात, उतरण्याची निळी, चढण्याची तांबडी.
जाताना वजनच नेतं खाली;
येताना ते वजन ओढायचं, वर वाटेचं घासणंही,
म्हणून तांबडी कायम वरच्या अंगाला.
दोन्हींच्या मधे जेवढं अंतर
तेवढीच त्या विहिरीशी माझी ओळख.

साडेअकराला लोंढे येतात, खडकीहून, बस बदलून.
फ्रान्सिस लोंढे. सत्तावीस वर्षं विंचवर,
आता आमच्याकडे आठवड्यातून एकदा, मानधनावर.
पडद्यापासून लांब बसतात, चष्मा कपाळावर.
उजव्या तळव्यावर एक गुळगुळीत पट्टा आहे,
तिथे रेषाच नाहीत.
ज्योतिषी पैसे परत देईल.

म्हणाले, "मड किती दिवस उभं आहे आत?"
मी एक फाइल उघडली, दुसरी उघडली, मग फोन लावला.
अकरा दिवस.
"मग बसलं असणार ताकासारखं.
बावीस कसले? बत्तीस घाल."

घातले.
तांबडी रेषा उठली
आणि दुवा तोडायला लागणारा जोर
केबलच्या मर्यादेबाहेर गेला.

दुव्याचं सांगायला हवं.
केबल आणि अवजारं जिथे जोडतात
तिथे आम्ही मुद्दाम एक कच्ची जागा ठेवतो.
खाली काही अडकलंच तर ओढायचं, ओढत राहायचं,
आणि तुटेल ते तिथेच,
निदान तीन किलोमीटर केबल तरी वर यावी म्हणून.
वाट जितकी खरखरीत, दुवा तितका कच्चा लागतो;
नाहीतर निम्मा जोर भिंतीच खातात
आणि केबल मधेच कुठेतरी जाते.

हे मी नव्या पोरांना नेहमी सांगते, आलेखासकट.
त्या दिवशी सांगताना मधेच थांबले.
आमच्या लग्नाच्या याद्या आठवल्या:
मानपान, हॉलचं भाडं, कुणाला शालू, कुणाला नुसतं पातळ,
दोन्हीकडच्यांनी बसून सगळं लिहिलं होतं.
कुठून तुटावं
याचं कलम नव्हतं.

"पुढे?" लोंढे म्हणाले.
पुढे आम्ही एक नंबर कमी ताकदीचा दुवा निवडला,
मी योजना पाठवली,
त्यांनी डबा उघडला.

रात्री घरून पाहत होते.
अवजारं उतरली, तळाला टेकली, परत फिरली.
खरे ताण येऊ लागले, एकेक ठिपका,
माझ्या तांबड्या रेषेशी लगट करत.
पंधराशेला ठिपके रेषा सोडून वर निघाले.
तीन. चार. सहा.
मी लॅपटॉपच्या कडेला हात धरून ठेवला होता,
जणू त्याने काही होणार होतं.
मग एक ठिपका खाली आला. त्याच्यामागून बाकीचे.

दोन वाजून दहा मिनिटांनी संदेश: सगळं वर. दुवा शाबूत.
तो न तुटलेला दुवा आता फेकून देतील;
एकदा इतका ताण सोसलेला पुन्हा वापरत नाहीत.

सकाळी लोंढ्यांना फोन केला.
त्यांनी अभिनंदन वगैरे केलं नाही.
विचारलं, "केबल पुसून गुंडाळली ना?"
मला माहीत नव्हतं.
त्याची चौकट नाही आमच्याकडे.

स्वयंपाकघरात नळ आधी नुसता खोकला,
मग लालसर आलं,
मग कळशीखाली हात धरून बघितलं, तर पाणी.